बंड्याची बंदूक

दिवाळी जवळ आली, की आमच्या घरात दरवर्षी एक हत्यार खरेदी होत असे. टिकल्यांचे पिस्तूल! लाल कागदावरच्या टिकल्यांची गुंडाळी आत बसवायची, चाप ओढायचा, आणि दहांतल्या चार टिकल्या वाजल्या तरी देवाचे आभार मानायचे. हे पिस्तूल मी आणि माझा भाचा बंड्या यांच्यात सामाईक असे. ताई माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी, त्यामुळे मामा-भाच्यांत अंतर अवघे दहा वर्षांचे. मी कॉलेजात जाऊ लागलो तरी पिस्तुलातला माझा वाटा मी सोडला नव्हता. बंड्या जिन्यात दबा धरून बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, अगदी दूधवाल्यालासुद्धा, ठार करी.

हाच बंड्या आज अमेरिकेत, टेक्ससमध्ये, डॅलस शहराच्या एका उपनगरात राहतो. घर आहे, घरामागे हिरवळ आहे, बायको आहे, सहा वर्षांची चिमी आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात ताईला पोहोचवायला म्हणून मी तिकडे गेलो. चौथ्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता बंड्या म्हणाला, "मामा, आज माझ्याबरोबर चल. एक वस्तू निवडायची आहे."

मला वाटले, सोफा असेल.

"बंदूक," बंड्या म्हणाला.

ह्या सदराचे वाचक जाणतातच, की मी मराठीचा प्राध्यापक आहे. निवडीचा माझा अनुभव मंडईतल्या भेंडीपुरता. नाही म्हणायला कॉलेजात असताना एन. सी. सी.त पॉइंट टू-टू रायफलीने पाच गोळ्या झाडल्या होत्या. त्यांतली एक लक्ष्याला लागली, आणि तीही शेजारच्या कॅडेटच्या. शिवाय कोकणातल्या आमच्या आजोळी ठासणीची बंदूक होती. डुकरे आणि वानर भाताची, माडांची धूळधाण करतात म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर तिकडे कित्येक घरांत ती असते, आणि निवडणूक लागली की बिचारी पोलीस ठाण्यात जमा होते. आजोबा ती माजघरात उंच खुंटीवर टांगून ठेवीत. तिच्याखालून जाताना आम्ही मुले आवाज खाली आणत असू, एवढे पक्के आठवते.

बंड्याला बंदूक हवी होती त्याला कारण घडले होते. आम्ही पोहोचण्याच्या महिनाभर आधी, त्याच्या घरापासून तिसऱ्या घरी रात्री मागचे दार लाथेने फोडून दोघे आत शिरले. माणसे वरच्या मजल्यावर निजलेली होती. चोरांनी दोन संगणक आणि कसलीशी पाकिटे उचलली आणि ते गेले. कोणाला ओरखडासुद्धा आला नाही. पण त्या घरातली बाई दुसऱ्या दिवशी बंड्याच्या बायकोला म्हणाली, की जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पावले वाजली आणि मग परत गेली. ती तिसरी पायरी बंड्याच्या डोक्यात शिरली ती निघेना. आपल्या चाळीत चोर आला तर चोवीस बिऱ्हाडे जागी होतील. तिकडे दोन घरांमध्ये हिरवळ आणि शांतता. शांतता म्हणजे सुख, असे आपण इथे हॉर्न ऐकता ऐकता मानतो. रात्री दोन वाजता तिकडे जाऊन ती ऐकून पाहावी.

तर आम्ही दुकानात गेलो. आपल्याकडे परवाना काढायचा म्हणजे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली अर्ज, पोलिसांची चौकशी आणि मग वाट पाहणे. इथे दुकान म्हणजे आपल्याकडचे साड्यांचे दुकान! भिंतीवर शंभर-सव्वाशे बंदुका ओळीने उभ्या, आणि गल्ल्यावरचा आजोबांच्या वयाचा मनुष्य, "हलक्यात दाखवू का भारीत?" अशा चेहऱ्याने उभा. तरीही अगदीच मोकळे रान आहे असे समजू नये. सरकारी नमुन्याचा एक अर्ज भरावा लागतो, त्यात खोटे लिहिणे हा मोठा गुन्हा. आणि 1998 पासून दुकानदार त्याच वेळी सरकारी यंत्रणेकडे विचारणा करून गिऱ्हाईकाचे पूर्वचरित्र तपासून घेतो. बंड्याकडे कायम वास्तव्याचे कार्ड आहे, म्हणून त्याला खरेदी करता येत होती. मी प्रवासी व्हिसावरचा. मी कौतुकाने एका बंदुकीकडे हात नेला, तेव्हा म्हातारेबुवांनी आधी माझी चौकशी केली, आणि मग नम्रपणे पण ठामपणे ती बंदूक माझ्यापासून दूर सरकवली. अशा पाहुण्याने, शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर, हत्यार हाताळणे तिथल्या कायद्यात बसत नाही. तात्पर्य, सल्लागार म्हणून मला नेले होते, आणि त्या भिंतीवरच्या एकाही वस्तूला बोट लावण्याची मला मुभा नव्हती. परीक्षक म्हणून विद्यापीठात माझी काहीशी हीच स्थिती असते.

बंड्याने बोट दाखवले ते एका जुन्या वळणाच्या, लाकडी दस्त्याच्या बंदुकीकडे. पाहताक्षणी मी तिला ओळखले. सिनेमातल्या काउबॉयची बंदूक! जेम्स स्टुअर्टचा 'विंचेस्टर सेव्हन्टी-थ्री' नावाचा 1950 सालचा चित्रपट आहे. त्याची खरी नायिका म्हणजे ही बंदूकच. हिला म्हणतात लिव्हर अ‍ॅक्शन कार्बाइन. चापाभोवती लोखंडाची एक लांबट कडी असते. ती खाली ढकलली की रिकामे काडतूस बाहेर उडते आणि घोडा चढतो. वर ओढली की नळीखालच्या दुसऱ्या नळीतून नवे काडतूस जागेवर येऊन बसते. खाली-वर, ठो, खाली-वर, ठो. पाठ्यपुस्तकात आपण तरफ शिकलो तीच ही. टेकू, बल आणि भार.

रात्री हे ताईला सांगितले तेव्हा ती घाबरून म्हणाली, "लिव्हरची बंदूक? म्हणजे नेमकी लिव्हरलाच लागते की काय?"

कार्बाइन हा शब्द मात्र आपल्याला परका नाही. जुन्या मराठीत कराबीन आहे. घोडेस्वाराला वागवता यावी म्हणून आखूड केलेली बंदूक. काडतूसही पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणले आणि आपण ते इतके आपले केले, की 1857 ची हकिगत त्याच्यावाचून सांगता येत नाही. बंदूक अरबीतून आली. आपल्या हत्यारांच्या शब्दांत आपले म्हणावे असे फार थोडे उरते. पण हा विषय तासाचा आहे, इथे नको.

तिचा इतिहास दुकानदाराने सांगितला आणि पुढे मी वाचून काढला. ऑलिव्हर विंचेस्टर हा गृहस्थ मुळात शर्ट तयार करणारा कारखानदार. बंदुकीतले त्याला विशेष कळत होते असे नाही, पैशातले कळत होते. त्याच्या कारखान्यातल्या बेंजामिन टायलर हेन्री ह्या कारागिराने 1860 साली सोळा बारांची बंदूक सिद्ध केली. त्या काळी एक बार झाला की पुन्हा ठासत बसायचे, हे ध्यानात घ्या. आमच्या आजोबांच्या बंदुकीला डुक्कर निम्मे शेत खाईपर्यंत वेळ लागे. 1866 मध्ये विंचेस्टरने स्वतःच्या नावाने कंपनी काढली, 1873 ची बंदूक जगप्रसिद्ध झाली, आणि जॉन ब्राउनिंग ह्या विलक्षण माणसाने रचलेले 1894 चे मॉडेल तर सत्तर लाखांवर खपले. त्या खपाखाली किती माणसे, किती मूळ रहिवासी, किती गवे झोपले, ते दुकानाच्या भिंतीवर लिहिलेले नव्हते. न्यू हेवन इथला तो मूळ कारखाना 2006 साली बंद पडला. आज विंचेस्टर नावाच्या ह्या बंदुका जपानात तयार होतात. काउबॉयची बंदूक जपानी कारागिराच्या हातची! ताईने आणलेल्या अस्सल पैठणी पर्सच्या आतल्या बाजूला मी कुठले नाव वाचले, ते इथे सांगत नाही.

बंड्याने हीच का निवडावी? सिनेमा हे एक कारण, ते त्याने कबूल केले नाही. दुसरी कारणे त्याने पाठ केली होती. आखूड म्हणजे सोळा इंचांची नळी, त्याहून लहान नळी रायफलीला कायद्याने सहजी चालत नाही. वजन तीन किलोच्या आत-बाहेर. खांद्याला टेकवून, दोन्ही हातांनी धरायची, म्हणून पिस्तुलापेक्षा नेम सोपा. आत साधारण आठ काडतुसे. आणि लष्करी दिसत नाही. आजोबांच्या माजघरात शोभेल अशी दिसते. हे शेवटचे कारण मला खरे वाटले.

काडतुसांची गोष्ट मात्र आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखी निघाली. कुठले झाकण कशाला बसेल ते ज्याचे त्याला ठाऊक. पॉइंट थ्री-फाइव्ह-सेव्हन मॅग्नम असे एक काडतूस 1935 सालापासून आहे. त्याच्या बंदुकीत पॉइंट थर्टी-एट स्पेशल नावाचे जुने, मवाळ काडतूसही चालते. उलट मात्र चालत नाही, कारण मॅग्नम लांबीने मुद्दामच किंचित जास्त ठेवले आहे. अडतीसपेक्षा पस्तीस पूर्णांक काही मोठे कसे, हे मी विचारले. दुकानदार हसला. दोन्ही गोळ्यांची जाडी एकच. अडतीस हे नुसते नाव! आपल्याकडची बारा बोअर तरी हिशेबाला पक्की आहे. नळीच्या मापाचे शिशाचे बारा गोळे केले तर वजन एक पौंड भरते, म्हणून बारा. इथे आकड्यावर विश्वास ठेवणारा फसतो.

आणखी एक गंमत. ह्या बंदुकीत काडतुसे नळीत एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी बसतात. म्हणजे मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, जिथे ठिणगी पडते नेमके तिथे टेकते. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने आतल्या आत बार व्हायचा. म्हणून गोळ्या बोथट, सपाट तोंडाच्या घ्यायच्या. दुकानदाराने घरासाठी पोकळ टोकाची सुचवली. ती शरीरात शिरताच फुलते आणि आरपार जाण्याचा संभव त्यामुळे कमी होतो. त्याने ते कापडाचा पोत सांगावा तसे सांगितले. मला एकदम आठवले, अशा फुलणाऱ्या गोळीला जगभर नाव पडले आहे ते आपल्या कलकत्त्याजवळच्या दमदमचे! तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात इंग्रजांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनवली, आणि 1899 च्या हेग परिषदेत युद्धात तसली गोळी वापरू नये असे ठरले. युद्धात नको, दिवाणखान्यात चालेल. मी हे बोलून दाखवले. दुकानदाराने त्यावर दिलेले उत्तर मला मुकाट्याने मान्य करावे लागले. "साहेब, रणांगणावर भिंतीपलीकडे तुमची मुलगी झोपलेली नसते."

त्या दिवशी बंड्याने खरेदी केली नाही. दुकानामागेच नेमबाजीची जागा होती, तिथे त्याने भाड्याच्या बंदुकीने पन्नास काडतुसे उडवून पाहिली. मी काचेमागे. मॅग्नमच्या प्रत्येक बाराला काच थरथरे. थर्टी-एटला नुसती थाप पडल्यासारखे होई. नेम बरा होता. जिन्यातला दूधवाला मेला असता खास.

घरी आल्यावर सूनबाईने ऐकून घेतले. ती एका इस्पितळात आकस्मिक विभागात नर्स आहे. तिथे रात्री काय काय येते ते ती घरी सांगत नाही. "मी नको म्हणत नाही," ती म्हणाली, "पण मला घर दाखव." मग तिने बंड्याला लाकडी लाटणे हातात देऊन शयनगृहाच्या दारात उभे केले. "इथून तू जिन्याकडे धरणार. बरोबर? आता सरळ चाल." बंड्या सरळ चालला. जिना डावीकडे राहिला, समोर भिंत आली. तिकडच्या घरांत आतल्या भिंती विटांच्या नसतात. लाकडी पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचा जिप्समचा पुठ्ठा. सूनबाईने भिंतीवर बोटाने टकटक केले. पलीकडून चिमी ओरडली, "कोण आहे?"

पोकळ टोक असो की बोथट, माणसाला थांबवू शकणारी गोळी असल्या भिंतीतून सुखाने जाते. हे बंड्याला ठाऊक नव्हते असे नाही. त्याने सगळे वाचले होते. पण लाटणे घेऊन तो तिथे किती तरी वेळ उभा राहिला.

"आणि दुसरे," सूनबाई हळूच म्हणाली, "इथे बंदुकीने दरवर्षी जितके लोक मरतात, त्यांत निम्म्याहून जास्त आपल्या हाताने मरतात. चोर त्यात कुठेच नसतो. पेटीचा आकडा फक्त आपल्या दोघांना. चिमी सोळा वर्षांची झाली तरी."

तिसरी गोष्ट मला बंड्याने रात्री मागच्या अंगणात सांगितली. ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्या रात्रीची. ताईला दिवस-रात्रीचा घोळ झालेला. पहाटे तीनला तिला टक्क जाग आली आणि चहाची तलफ आली. उगाच वीज कशाला जाळा म्हणून ती अंधारातच खाली गेली आणि चाचपडत मागच्या दाराशी आली. बंड्याला खालून खुट्ट ऐकू आले. तो उशाशी ठेवलेली बेसबॉलची बॅट घेऊन उतरला. दाराशी एक आकृती, हातात काहीतरी. त्याने बॅट उगारली. आकृती म्हणाली, "बंड्या, साखर कुठे ठेवता रे तुम्ही?"

"हातात बॅट होती, मामा," बंड्या म्हणाला. "बॅट हवेत थांबवता येते."

मी काही बोललो नाही. आजोबांची बंदूक इतक्या उंचावर का टांगलेली असे, असे आजीला एकदा विचारले होते. तिने "तुमच्यासाठी," एवढेच म्हटले होते. तेव्हा वाटले होते, मोठे झालो की आम्हालाच मिळणार.

पुढचे आठ दिवस घरात निराळीच खरेदी चालली. मागच्या दाराची चौकट पाहिली तर कडीची लोखंडी पट्टी पाऊण इंचाच्या स्क्रूंनी लटकवलेली. लाथ मारली की दार का उघडते, ते तिथेच कळले. तीन इंची स्क्रू आणून बंड्याने ती पट्टी आतल्या खांबापर्यंत बसवली. हे काम मी केले असे मी इथे सर्वांना सांगतो; स्क्रू मी धरले होते. अंगणात कोणी आले की आपोआप लागणारा दिवा लावला. त्याने पहिल्या रात्री शेजारचे मांजर पकडले. जिन्यात आणि स्वयंपाकघरात रात्रभर जळणारे बारीक दिवे लावले आणि ताईला बजावले, की विजेचे बिल मी भरतो, अंधारात फिरायचे नाही. आणि एक नियम ठरला. काही वाजले तर कोणी शोधायला खाली उतरायचे नाही; सर्वांनी चिमीच्या खोलीत जमायचे, दार लावायचे, पोलिसांना फोन करायचा. हा नियम मी दुकानात, म्हाताऱ्याच्या तोंडूनच ऐकला होता. त्याने बंदुकीइतकाच भर त्यावर दिला होता, पण बंड्याचे लक्ष तेव्हा भिंतीकडे होते.

एवढे झाल्यावर बंड्याने बंदूक घेतली नाही, असे लिहिता आले असते तर मला आवडले असते. त्याने घेतली. चिमीच्या खोलीच्या दारामागून धरली, तर समोर घराची बाहेरची विटांची भिंत येते, ती जागा सूनबाईनेच शोधून दिली. काडतुसे थर्टी-एटची, मवाळ. आकड्यांच्या कुलपाची लोखंडी पेटी भिंतीत पक्की बसवलेली; तिकडे लहान मुलाच्या हाती लागेल असे भरलेले हत्यार ठेवणे हा टेक्ससच्या कायद्याने गुन्हाच आहे, पण सूनबाईला त्यासाठी कायद्याची गरज नव्हती. बंदूक रिकामी करताना एकेक काडतूस कडी खाली-वर करून काढावे लागते. ती बंड्याला दहा वेळा करायला लावी आणि दहाही वेळा स्वतः आत बोट घालून पाही. तरीसुद्धा माझे मत विचाराल तर तीन इंची स्क्रूंनी जे काम केले ते हजार डॉलरच्या बंदुकीने केले नाही. बंड्याचे मत वेगळे आहे. त्याला आता झोप लागते म्हणतो. तिसऱ्या पायरीचा आवाज मी ऐकलेला नाही, तेव्हा मी वाद घालत नाही.

जूनमध्ये मी परतलो, ताई राहिली. ऑक्टोबरात खंडेनवमीच्या दिवशी तिचा फोन आला. तिने घरातली सुरी, कातरी, बंड्याचे पेचकस, चिमीची खडूपेटी, सारे पाटावर मांडले होते. मग तिला भिंतीतली पेटी आठवली. घरात शस्त्र असताना त्याची पूजा नको का? तिने सूनबाईकडे आकडा मागितला. सूनबाईने दिला नाही. थोडे रुसणे-फुगणे झाले. शेवटी ताईने बंद पेटीलाच हळदकुंकू लावले आणि दारावर झेंडूचे फूल चिकटपट्टीने डकवले.

"बघ ना," ताई म्हणाली, "सासूला आकडा सांगत नाही!" मग थोडे थांबून हळू आवाजात म्हणाली, "साखर मात्र आता दिव्याखालीच ठेवतात हो."